प्रॅक्टिकलला पन्नासपैकी पन्नास

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मी देवणी सोडली. त्याआधी निघता आलं नसतं, कारण आमचं दुकान दोरांचं. कासरे, दावी, वेसणी, गोंडे, घुंगुरमाळा. पोळ्याच्या आधीचे आठ दिवस म्हणजे आमची सुगी, आणि त्या दिवसांत घरातल्या कुणाला ताप आला तरी अण्णा त्याला घोंगडीसकट दुकानात आणून बसवत. त्या वर्षी मात्र आम्ही बापलेकांनी दुकानात बसून नुसत्या माशा मारल्या. पाऊस बरा झाला होता, रानं हिरवी दिसत होती, पण दुष्काळात लोकांनी बैल मिळेल त्या भावाला विकून टाकले होते. ज्या गावाच्या नावानं गाईबैलांची जात ओळखली जाते, त्या गावात पोळ्याच्या मिरवणुकीला धड रांग लागली नाही. मग दोर कोण घेणार?

उदगीर स्टेशनावर अण्णांनी मला हैदराबादच्या गाडीत बसवलं. ट्रंकेभोवती त्यांनी स्वतः वळलेला दोर आवळला होता आणि ती गाठ सोडायची कशी, हे ते मला पुन्हा पुन्हा दाखवत होते. मी दोरवाल्याचाच मुलगा आहे हे बहुधा विसरले असावेत. मग डब्यातल्या माणसांकडे वळून त्यांनी माझी ओळख करून दिली. "पोरगं बी.एस्सी. झालंय. फस्ट क्लास. प्रॅक्टिकलला पन्नासपैकी पन्नास." समोर कोंबड्यांची पाटी घेऊन बसलेल्या बाईनं कौतुकानं विचारलं, "लगीन झालंय का?" अण्णांनी तिच्याकडे दुर्लक्ष केलं. मी वाकून शरणार्थ, म्हणजे आमच्यातला नमस्कार, केला, तेव्हा डोक्यावर हात ठेवून ते एवढंच म्हणाले, "औंदा आपल्या घरात हे येवढंच पीक आलंय, शिवा. नीट ईक."

अव्वा, म्हणजे आमची आई, स्टेशनावर आली नव्हती. तिनं घरातच भाकरी आणि शेंगांची चटणी बांधून दिली, कपाळाला विभूती लावली आणि म्हणाली, "न्हाई जमलं तर ये म्हागारी. कुनी हसत न्हाई." एकाच घरातून मला असे दोन निरोप मिळाले. गाडी बीदरच्या पुढं जाईपर्यंत त्यातला कुठला मानायचा याचा मी विचार करत होतो.

हे सगळं आज लिहायला बसलो ते अक्षतामुळं. अक्षता माझ्या धाकट्या भावाची नात. लातूरला खोली घेऊन राहते, पहाटेपासून क्लास, मग कॉलेज, मग पुन्हा क्लास. लातूर आता मार्कांचं गाव झालं आहे. तिथल्या चौकांत पुढाऱ्यांच्या बरोबरीनं मुलामुलींचे फोटो लागतात आणि फोटोखाली टक्के. परवा तिनं फोनवर विचारलं, "आजोबा, तुम्ही इतकी वर्षं फार्मामध्ये होता. खरं सांगा, नोकरीत मार्क कुणी बघतं का?" मी म्हणालो, बघतात. ती म्हणाली, पण किती? त्याचं उत्तर फोनवर मावणारं नव्हतं. म्हणून सविस्तर लिहितो आहे, तिच्यासाठी, गावाकडंच राहिलेल्या तुम्हा सगळ्यांसाठी, आणि माझ्यासारखे ट्रंक घेऊन बाहेर पडलेल्यांसाठीही. उपदेश वाटला तर पान उलटा.

मी लातूरच्या कॉलेजात केमिस्ट्री घेऊन शेवटच्या वर्षाला होतो, ते नेमकं दुष्काळाचं वर्ष. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातला एक तालुका होता. होस्टेलच्या खानावळीत परदेशातून आलेल्या तांबड्या मिलो ज्वारीची भाकरी मिळायची. तिला रंग होता, चव नव्हती. सुट्टीत गावाकडं जाणारी निम्मी मुलं दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची आणि हाताला फोड घेऊन वर्गात परत यायची. पाणी टँकरनं यायचं. ते आधी होस्टेलला, मग मास्तरांच्या घरांना, आणि उरलं तर आमच्या प्रयोगशाळेला. बहुतेक वेळा उरत नसे.

केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल म्हणजे सगळा पाण्याचा खेळ. द्रावणं पाण्यात करायची, भांडी पाण्यानं धुवायची, आणि डिस्टिल्ड वॉटर काढायच्या यंत्राला थंड ठेवायलाही वाहतं पाणी लागतं. ते यंत्र दिवाळीनंतर बंद पडलं ते आमचं वर्ष संपेपर्यंत बंदच राहिलं. आमचे बिराजदार सर प्रामाणिक माणूस. त्यांनी वर्ग कधी बुडवला नाही. टायट्रेशन शिकवताना फळ्यावर ते ब्युरेट, म्हणजे तोटी असलेली काचेची नळी, काढायचे, खाली फ्लास्क काढायचे, आणि म्हणायचे, "समजा, आपण थेंब थेंब सोडतोय. समजा, रंग यायला लागला. समजा, गुलाबी झालं आणि तसंच राहिलं. नऊ पॉइंट आठ. लिहा." आणि आम्ही सगळे नऊ पॉइंट आठ लिहायचो. त्याला आम्ही सरांचं रीडिंग म्हणत असू. माझं अक्षर चांगलं होतं, आकृत्या सुबक यायच्या, त्यामुळं माझं जर्नल वर्गात सगळ्यात देखणं होतं.

परीक्षेला नांदेडहून बाहेरचे परीक्षक आले. प्रवासातून आलेला माणूस, त्यांनी आल्या आल्या हात धुवायला पाणी मागितलं. शिपायानं कपात पाणी आणून दिलं. परीक्षकांनी त्या कपाकडं पाहिलं, कोरड्या बेसिनकडं पाहिलं, कोपऱ्यात कुलूप लावलेल्या पिंपाकडं पाहिलं. मग त्यांनी आम्हाला एकेकाला बोलावून तोंडी प्रश्न विचारले, जर्नलं चाळली, आणि सरांना म्हणाले, "पोरांचा काय दोष?" ज्याचं जर्नल पुरं, त्याला मार्क पुरे. मला पन्नासपैकी पन्नास मिळाले आणि त्या मार्कांच्या जोरावर मी फर्स्ट क्लासच्या रेषेपलीकडं गेलो. तेव्हा आम्हाला कुणालाच त्यात वावगं वाटलं नाही. पीक बुडालं की शेतसारा माफ होतो, तशी ती आमची माफी होती. आजही मला त्यात फारसं वावगं वाटत नाही.

निकाल घेऊन मी आधी नांदेड गाठलं. तिथल्या एका तेलाच्या कारखान्यात केमिस्ट घेतात असं ऐकलं होतं. फाटकावरच्या माणसानं माझी मार्कलिस्ट उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, "कुनाकडून आलाव?" मी म्हणालो, कुणाकडून नाही, देवणीहून आलोय. त्यानं मार्कलिस्ट परत दिली. मग अण्णांचं एक जुनं गिऱ्हाईक कामाला आलं. देगलूरचे नागनाथअप्पा. त्यांचा माल हैदराबादला जायचा आणि ते मराठी, कानडी, तेलुगू, उर्दू अशा चारही भाषांत सारख्याच हुज्जतीनं भाव करायचे. त्यांनी सांगितलं की हैदराबादेत सनतनगरच्या बाजूला औषधांचा कच्चा माल काढणारे कारखाने निघालेत आणि त्यांना केमिस्ट पाहिजेत. अप्पांनी माझे मार्क विचारले नाहीत. तिखट किती सोसतं एवढं विचारलं आणि काचीगुड्याला मराठी लोकांच्या वस्तीत खोली बघून दिली.

आता अक्षता, हे नीट वाच. हैदराबादच्या त्या कारखान्यात मला पहिल्याच फेरीत घेतलं, आणि ते मार्कांमुळंच घेतलं. मॅनेजरनं फर्स्ट क्लास बघितला, प्रॅक्टिकलच्या आकड्यावर बोट ठेवलं आणि म्हणाला, "कल से आ जाओ." माझ्याबरोबर सेकंड क्लासवाले दोघं बसले होते, त्यांना त्यानं पत्ता लिहून ठेवायला सांगितलं. मी अण्णांना लगेच पत्र टाकलं. त्यांनी ते बाजारात वाचून दाखवलं असं पुढं कळलं. सहा महिने उमेदवारी होती, त्यानंतर कायम करायचं की घरी पाठवायचं ते प्रयोगशाळेच्या प्रमुख ठरवणार होत्या.

त्या विजयलक्ष्मी मॅडम. सुती साडी, जाड चष्मा, आवाज कधी चढायचा नाही. तेलुगू, इंग्रजी आणि हैदराबादी हिंदी अशी त्यांची तीन पदरी भाषा होती. त्यांच्या प्रयोगशाळेत नळांना दिवसभर पाणी. पहिल्या दिवशी मी तेवढंच बघत राहिलो. कामाला लागलो आणि महिन्याभरात लक्षात आलं की माझे आकडे बसत नाहीत. एकाच नमुन्याचा आकडा सकाळी मी एक सांगे आणि दुपारी दुसरा. माझ्या आकड्यावर माल पुढं जायचा की थांबायचा ते ठरायचं, त्यामुळं माल थांबला, खालून कारखान्यातली माणसं विचारायला वर यायला लागली. मी पुस्तकातली सगळी समीकरणं पुन्हा पाठ केली. समीकरणं मला आधीही येत होती.

एके दिवशी मॅडम माझ्यामागं येऊन उभ्या राहिल्या. मी भांडी विसळत होतो. एका फ्लास्कमध्ये पेलाभर पाणी घ्यायचं, ते फिरवायचं, मग तेच दुसऱ्यात ओतायचं, दुसऱ्यातलं तिसऱ्यात, आणि शेवटी खाली तसराळ्यात धरून ठेवायचं, हात धुवायला होईल म्हणून. अव्वा दुष्काळात भांडी अशीच विसळायची. राखेनं घासायची, एका तांब्यात सगळी काढायची आणि ते पाणी पुढं म्हशीला. यापेक्षा वेगळ्या तऱ्हेनं भांडी धुतली जातात हे मला माहीतच नव्हतं. पहिल्या नमुन्याचा अंश दुसऱ्यात जात होता, दुसऱ्याचा तिसऱ्यात. मॅडम म्हणाल्या, "नीळ्ळु पोय्यंडी." मला कळलं नाही. त्यांनी माझ्या हातातला फ्लास्क घेऊन नळाखाली धरला आणि नळ पूर्ण सोडला. पाणी ओता, असं त्या म्हणत होत्या. पाणी फ्लास्कमधून वर येऊन सांडत होतं आणि मोरीत जात होतं. मी नळ बंद केला. त्यांनी उघडला. मी पुन्हा बंद केला. त्यांनी माझ्याकडं पाहिलं तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि मला स्वतःचीच चीड आली होती.

त्यांनी विचारलं, "कॉलेज में टायट्रेशन कितने दिन करे आप?" मी म्हणालो, नळाला पाणी होतं तोपर्यंत. "और मार्क्स?" मी आकडा सांगितला. त्या हसल्या नाहीत. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "अच्छा. कल से खाली धोना." हैदराबादेत खाली म्हणजे नुसतं. उद्यापासून नुसतं धुवायचं. मग मी, देवणीचा फर्स्ट क्लास, नुसती काचेची भांडी धूत बसलो. घरी लिहिलं की सध्या मूलभूत काम चालू आहे. ते खोटं नव्हतं. मनाला लागत होतं, पण हात हळूहळू सैल होत होता. नळ सोडायचा आणि पाणी जाऊ द्यायचं, एवढी साधी गोष्ट शिकायला मला जितका वेळ लागला तितका पुढचं कुठलंही काम शिकायला लागला नाही.

उमेदवारी संपली तेव्हा मॅनेजरनं मॅडमना विचारलं, हा ठेवायचा का? त्यांनी आणखी थोडी मुदत मागून घेतली. त्या वेळी त्यांनी नाही म्हटलं असतं तर मी परत येऊन बैल नसलेल्या गावात दोर विकत बसलो असतो. मुदत संपायच्या आत माझे आकडे जुळायला लागले. ब्युरेटच्या टोकाला थेंब लोंबतो, तो सोडायचा की नाही हे डोक्याच्या आधी बोटांना कळतं. गुलाबी रंग येतो आणि फ्लास्क हलवला की जातो, पुन्हा येतो, पुन्हा जातो, आणि एका थेंबाला येतो तो तसाच राहतो. तो पहिल्यांदा तसा राहिला तेव्हा मला बिराजदार सरांची फार आठवण झाली. त्यांचं वर्णन अगदी बरोबर होतं.

पुढं मी हैदराबादचा होत गेलो. ते एका दिवसात होत नाही, त्यामुळं तारीख सांगता येत नाही. भाकरीच्या जागी भात आला. मोजायला बसलो की आकडे मनात मराठीत यायचे आणि तोंडातून तेलुगूत बाहेर पडायचे. लग्न झालं. सुमन नांदेडची, ती इथल्या मराठी शाळेत शिकवायला लागली. मुलगी झाली, ती पाण्याला आधी नीळ्ळु म्हणायला शिकली. सुट्टीत गावी आलो की मी दोन घोट पिऊन तांब्या खाली ठेवायचो. अव्वा तो उचलून उरलेलं पाणी तुळशीला घालायची. आणि माझ्याकडं एकदा बघायची. अण्णांचं असल्या गोष्टींकडं लक्ष नसे. ते विचारायचे, "फस्ट क्लासचं कुनी इचारतंय का तिकडं?" आता कुणीच विचारत नव्हतं. कामाला लागून चार वर्षं झाल्यावर माझे मार्क माझ्याच लक्षात राहिले नव्हते. मॅडम निवृत्तीला आल्या होत्या आणि त्यांच्या खुर्चीवर मी बसणार असं सगळे धरून चालले होते.

अशात लातूर जिल्हा झाला. बाहेर गेलेल्यांना त्याचा अर्थ कळायचा नाही. अण्णांसारख्या माणसाला साधा एक शिक्का घ्यायला उस्मानाबादला जाऊन मुक्काम करावा लागायचा. आता सगळं आपल्या हाताशी आलं. नव्या कचेऱ्या येणार, कचेऱ्यांत खुर्च्या येणार, आणि खुर्च्यांवर आपली शिकलेली पोरं बसणार, असा हिशेब घरोघर चालू झाला. अण्णा म्हणाले, "आता हैदराबादी काय ठिवलंय? कलेक्टर हितं, कचेरी हितं. फस्ट क्लासवाल्यानं आता घरी यायचं." दुष्काळानंतर गावोगाव बोअर घेतले होते, हातपंप बसले होते, आणि त्या पाण्याची तपासणी करायला नव्या जिल्ह्यात प्रयोगशाळा निघत होती. तिथं केमिस्टची एक जागा. अण्णांनी जाहिरातीचं कात्रण पाठवलं. मी अर्ज टाकायच्या आधीच देवणीच्या बाजारात मी साहेब झालो होतो. अण्णांनी दुकानाच्या मागं एक खोली काढायला घेतली, सुनेला आणि नातीला वेगळं स्वयंपाकघर हवं म्हणून.

मी अर्ज टाकला. मुलाखतीला बोलावणं आधी मार्कांवरून होतं. यादीत माझं नाव सगळ्यात वर लागलं. प्रॅक्टिकलच्या मार्कांना त्यात वेगळं वजन होतं. हैदराबादच्या अनुभवाचा रकानाच नव्हता.

लातूरला एका भाड्याच्या इमारतीत मुलाखती होत्या. नव्या रंगाचा वास येत होता. बाहेर बाकावर पाच-सहा जण बसले होते, बहुतेक माझ्याच कॉलेजचे, त्याच दुष्काळाच्या आगेमागे पास झालेले. त्यांतले काही इतकी वर्षं घरीच होते, जिल्हा व्हायची वाट बघत. आत तिघं साहेब. मधल्या साहेबांनी माझी मार्कलिस्ट पाहिली आणि त्यांचा चेहरा खुलला. "प्रॅक्टिकलला पन्नासपैकी पन्नास. वा! असाच हात पाहिजे आम्हाला." पुढं त्यांनी वडील काय करतात ते विचारलं, रुजू कधी होणार ते विचारलं. मला वाटतं माझं काम तिथंच झालं होतं. नुसतं 'लगेच' म्हणायचं होतं.

मी म्हणालो, "साहेब, ते मार्क दुष्काळातले आहेत. त्या वर्षी पाणी नव्हतं, प्रॅक्टिकल झालंच नाही. रीडिंग सर सांगायचे. हात मला पुढं हैदराबादेत आला. ब्युरेट असेल तर आत्ता करून दाखवतो."

डावीकडचे साहेब म्हणाले, "मी त्याच कॉलेजचा आहे. आमच्या वेळी असलं काही नव्हतं." त्यांच्या पुढ्यात बाकीच्यांच्या मार्कलिस्टा होत्या. सगळ्यांना प्रॅक्टिकलला पन्नासच्या आसपास. माझं खरं मानलं तर ती सगळी चळत फुकट जात होती, आणि खोटं मानलं तर माझ्यावर विश्वास ठेवता येत नव्हता. दोन्हीकडून मी अडचणच होतो. मधल्या साहेबांनी मार्कलिस्ट परत केली आणि कळवतो म्हणाले.

ती जागा यादीत माझ्या खाली असलेल्या मुलाला मिळाली. पुढं बऱ्याच वर्षांनी एका लग्नात त्याची गाठ पडली. त्यानं तिथं आयुष्यभर नोकरी केली, चांगली केली, गावोगावच्या बोअरचं पाणी तपासलं. म्हणाला, पहिलं वर्ष नुसतं चुकण्यात गेलं, मग जमलं. म्हणजे त्याचंही माझ्यासारखंच झालं. अक्षता, तुझ्या प्रश्नाचं माझ्याकडं आहे ते उत्तर एवढंच. मार्कांनी मला दोन वेळा खुर्चीसमोर नेऊन बसवलं, आणि ज्यांना कमी मार्क होते ते बाहेर राहिले, त्यांतल्या एखाद्याचा हात माझ्यापेक्षा चांगला असेलही. त्यामुळं मार्कांना काही किंमत नाही असं तुला कुणी सांगितलं तर तो कधी त्या बाहेरच्या बाकावर बसलेला नाही असं समज. अभ्यास कर. पण कामाला लागशील त्या दिवशी ते मार्क विसर आणि कुणी भांडी धुवायला लावली तर धू.

मुलाखतीच्या दिवशी संध्याकाळी मी एसटीनं देवणीला गेलो. अण्णा स्टँडवर आले होते, बाजारातले दोघं शेजारी सोबत घेऊन. माझा चेहरा बघून शेजारी आपसूक मागं राहिले. घरी ताटावर बसल्यावर मी सगळं सांगितलं. अण्णांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुला हे कुनी इचारलं हुतं का?"

मी म्हणालो, नाही.

"मंग गप बसायला काय जात हुतं? नोकरी लागू द्यायची. मंग बोलायचं काय बोलायचं ते." मग ते म्हणाले, "दुष्काळ हुता. त्या मास्तरनं पोरांवर माया केली. तू ती माया चारचौघांत उघडी पाडलास. आन् बाहेर बसलेल्या पोरांचं काय?"

मी म्हणालो, "खरं तेच बोललो, अण्णा." माझा आवाज जरा चढला असावा. वाटभर मी स्वतःला हेच सांगत आलो होतो, आणि मला त्याचा थोडा अभिमानही वाटत होता.

अव्वा चुलीपुढं होती. तव्यावरची भाकरी उलटत, आमच्याकडं न बघता ती म्हणाली, "त्याला यायचंच न्हाई. म्हनून खरं बोललंय ते."

अण्णांचा हात ताटातच थांबला. नाही म्हणायला मी तोंड उघडलं. सुमनची शाळा, मुलीचं तेलुगू, मॅडमची खुर्ची, काचीगुड्याच्या खोलीतला दिवसरात्र चालणारा नळ, यातलं एकही मी घरी कधी बोललो नव्हतो, मुलाखतीला जाताना स्वतःशीही बोललो नव्हतो. मी तोंड मिटलं. अव्वानं भाकरी माझ्या ताटात टाकली आणि म्हणाली, "जेव." त्यानंतर आमच्या घरात तो विषय कुणी काढला नाही. दुकानामागची खोली अण्णांनी तशीच अर्धी ठेवली आणि पुढं तिच्यात माल भरला.

दोघंही आता नाहीत. मी मॅडमच्या खुर्चीवर बसलो आणि तिथूनच निवृत्त झालो. उभं आयुष्य माझ्या सहीवर औषधं बाहेर गेली. शिवलिंगराव खरं तेच लिहितात, अशी माझी इथं ख्याती होती आणि माझ्या शब्दावर कुणी कधी शंका घेतली नाही. तुम्ही मला विचारता की अजून देवणीला घर म्हणता का. म्हणतो. पण ते भिंतींना म्हणत नाही, जिल्ह्यालाही नाही. मी अगदी खरं बोलत असतानासुद्धा त्याच्या आड मी काय ठेवलंय हे पाठमोरी बसून ओळखणारं माणूस जिथं होतं, ते माझं घर होतं. अव्वा गेल्यापासून मला कुणी तसं पकडलेलं नाही, आणि तेव्हापासून मी देवणीला येतो तो पाहुणा म्हणून.